आमच्या आडनावाचे थोर लोक

माझी लेक जर्मनीत नर्स आहे. तिच्या घरमालकाचं आडनाव तिकडं इतकं सर्रास आहे की गल्लीत हाक मारली तर चार जण वळून बघतील. अर्थ काय, तर पीठगिरणीवाला. या म्हाताऱ्यानं जिन्याच्या भिंतीवर आपल्या आडनावाच्या नामवंतांचे फोटो टांगलेत. एक शास्त्रज्ञ, एक फुटबॉल खेळणारा, एक गाणारी बाई. एकाशीही त्याचं नातं नाही. लेकीनं हे फोनवर सांगितलं आणि मी शहाण्यानं ते स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना भावकीला सांगितलं. कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे.

आमचं निम्मं गाव एकाच आडनावाचं. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, लगेच मांडीवर थाप मारून म्हणाले, "आपल्यात काय कमी हायत का? वेशीवर बोर्ड लावू. मास्तर, तू नावं काढ." मी निवृत्त शिक्षक. गावात कुणाला काही लिहून हवं असलं की माझीच मान सापडते.

त्या बोर्डानं मला अगदी वीट आणला. सोयाबीनची मळणी सोडून लोक नावं सुचवायला घरी यायला लागले. एक मंत्री, ज्याच्या गावात आमच्यापैकी कुणी आजवर पाय ठेवला नाही. एक क्रिकेटवाला, ज्याला हिंगोली नकाशात दाखवता येणार नाही. सिनेमात एकदा हवालदार म्हणून मार खाल्लेला माणूससुद्धा घेतला. "अरे, पण आपला काय संबंध?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आडनाव बराबर हाय ना?"

मी सगळं सोसलं, कारण मला एकच नाव हवं होतं, माझ्या लेकीचं. सेनगावच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून ती कॉलेजला गेली, परकी भाषा शिकली, आणि देशाबाहेर नोकरीला जाणारी आमच्या गावातली पहिली ठरली. दिवाळीला ती येणार होती, आणि वेशीवर तुझं नाव दिसेल असं मी तिला सांगूनही बसलो होतो.

मी ते नाव सुचवताच तात्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिचं लगीन झालं. ती आता सासरची, कुरुंद्याची."

"मंग तो मंत्री कुठला?"

"त्याचं आडनाव तं आपलंच हाय की!"

कुरुंद्याच्या व्याह्यांजवळ विषय काढला, तर ते अदबीनं म्हणाले, "लेक तुमची, तिचा मान तुमच्याच गावानं करावा." मला असा संताप आला की जेवण जाईना.

लेकीला सांगायची हिंमत होत नव्हती. तिनंच विचारलं, "बाबा, माझं नाव लागलं का?" मी खरं ते सांगितलं. तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं एक फोटो पाठवला. तिकडं दारावरच्या घंटीशेजारी नुसत्या आडनावाची पाटी असते. घरमालकाच्या पाटीखाली दुसरी पाटी, तिच्यावर आमचं आडनाव. मी तो फोटो एक अक्षरही न लिहिता भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिला.

संध्याकाळी तात्या काठी टेकत घरी आले. चेहरा नुसता फुलला होता. "मास्तर, वरचं नाव जर्मन हाय म्हनं. आपलं आडनाव थेट जर्मनीत! हे बोर्डावर समद्यात वर घेऊ. कोनाचं पोरगं हाय रे हे?"

"पोरगं न्हाई, तात्या. माझी लेक."

तात्यांनी फोटो पुन्हा पाहिला. बायकोनं आणलेला चहा तसाच राहिला. मग म्हणाले, "सासरचं आडनाव काहून लावलं न्हाई तिनं? कोनाला इचारलं होतं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "पाटी लावताना तिनं कोनालाच इचारलं न्हाई. बोर्डासाठी मीच येडा तुमाला इचारत बसलो."