माणिकबाईच्या वावरातून गेलेली रेघ

रागिणीने पोहे भिजवून ठेवले होते, नितेशला त्याचं बनियन सापडत नव्हतं आणि नळाला अजून पाणी आलं नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी कडी वाजवली.

दारात माणिकबाई. परतवाड्याच्या बाजारात झेंडू आणि वांगी विकणारी माणिकबाई रागिणीच्या चांगल्या ओळखीची. पण कुणाच्या घरी जाऊन बसणं तिला कधी जमलंच नाही. पहाटे तोडणी, सकाळी बाजार, दुपारी निंदण, असा तिचा जन्म चाललेला. आज डोक्यावर टोपली नव्हती, आणि पाय घोट्यापर्यंत काळ्या मातीने भरले होते.

"ये ना मामी, च्या घे."

"च्या नोको. नितेश हाय का?"

नितेश औषधाच्या दुकानात कामाला. रविवारी मात्र मोटरसायकल घेऊन डोंगराच्या बाजूच्या कच्च्या वाटा धुंडाळायचा. त्यासाठी नकाशाचं ॲप निवडताना त्याने उन्हाळ्यात जेवढा विचार केला, तेवढा लग्नाच्या वेळीही केला नसेल, असं रागिणी म्हणायची. एक ॲप पहिल्याच टेकडीआड मुकं व्हायचं. दुसरं दरवर्षी पैसे मागायचं. तिसरं रेंज नसतानाही चालायचं आणि गाडी गेली तिथे रेघ ओढत जायचं. ते त्याने घेतलं. 'ही वाट सगळ्यांना दाखवायची का?' असं ॲपने विचारलं, तेव्हा रागिणी मागेच उभी होती.

"सगळ्यांना कशाला?"

"अवं, लोकायच्या कामी पडते," म्हणत त्याने बोट टेकवलंही.

त्या रेघेचा एक तुकडा माणिकबाईच्या वावरातून गेला होता. तिच्या नवऱ्याने, गोवर्धननेच, धुऱ्याच्या बांधावरून हात करून त्याला बोलावलं होतं, "जा बापू, इकडून जा."

"तुह्या मामानं तुले एकट्याले जाऊ देलं," माणिकबाई उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "आता दर रविवारी अकोल्याचे येतात, अमरावतीचे येतात. बोराटीचे काटे टाकले, तं तेही बाजूले सारले. म्हणे, मावशी, फोनमंधी रस्ता हाय."

नितेश ओशाळं हसला. "झेंडू तुडवला का मामी?"

"झेंडू गेला चुलीत! इहिरीचं बोलून राहिली मी."

नितेशचं हसू तिथेच थांबलं. गोवर्धनच्या विहिरीला कठडा नव्हता. उन्हाळ्यात ती लांबून दिसायची. आता तिच्याभोवती कमरेएवढं गवत होतं, आणि रेघ अगदी तिच्या काठावरून जात होती.

"काल एका पोराचं पुढचं चाक आत लटकलं. मामानं त्याले कॉलर धरून ओढलं. पोरगं वाचलं. मामाचा खांदा उतरला, तो खाटेवर हाय. पण मले झोप नाही रे. कोनाचं लेकरू असन ते?"

नितेशने फोन काढला. दोन-तीनदा बोट फिरवलं.

"घे मामी, पुसली रेघ."

माणिकबाईने सुस्कारा सोडला. रागिणीचे हात मात्र पोह्यांतच थांबले.

"पण ज्यांनी ती आधीच आपल्या फोनात उतरवून घेतली, त्यांचं काय?" तिने विचारलं. "रेंज नसली तरी दिसते, म्हणून तर तुम्ही हे ॲप घेतलं ना?"

नितेशने फोन उलटा करून पलंगावर ठेवला. त्यांची नावं त्याला ठाऊक नव्हती. किती जण आहेत, तेही नाही.

"कठडा बांधून घेऊ," तो पुटपुटला.

"दिवाळीच्या आंधी गाडीभर गिट्टी तरी जाईन का त्या गाऱ्यातून? चाक धरून ठेवते माती." माणिकबाई उठली, पदराने तोंड पुसलं. आवाजात राग नव्हता. त्यामुळेच रागिणीला तिच्याकडे बघवेना.

"मले नुकसानी नोको, काही नोको. रविवारी सकायी मी बाजारात असते. तेवढा वेळ तू माह्या इहिरीपाशी येऊन उभा राय."