चहा आणि रिकामं पोट

थायरॉइडचा रिपोर्ट पुन्हा बिघडला आणि नेरूळच्या डॉक्टरीणबाई गोळीचा डोस तिसऱ्यांदा वाढवायला निघाल्या, तेव्हा माझं डोकंच चालेना. दोन वर्षांत गोळी मी एकही दिवस चुकवली नव्हती. तिच्या आड येऊ नये म्हणून कॅल्शियम दुपारी, लोहाची गोळी रात्री. थायरॉइडला वाईट असतो असं सोसायटीतल्या बायकांचं ऐकून कोबीसुद्धा सोडला होता.

"रिकाम्या पोटी घेता ना?"

"हो. उठल्या उठल्या, चहाबरोबर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग पोट रिकामं कसं?"

मला प्रश्नच कळेना. आमच्या घरात चहाला कुणी खाण्यात धरत नाही, उपासालाही तो चालतो.

"डोस राहू दे. दीड महिना गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा तासाभराने."

म्हणजे दोन वर्षं घोळ चहाने घातला, आणि शिक्षा मी कोबीला दिली.