चिवडा नव्हता, मुरमुरे होते

माझी बायको गोष्ट सांगायला लागली की मला मध्ये बोलावंच लागतं. ती शिक्षिका, बाभुळगावच्या शाळेत आयुष्य गेलं, पण गोष्ट सांगताना बुधवारचा रविवार करते आणि काळ्या बैलाला पांढरा. माझं यवतमाळात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. एक नट चुकीचा दिला तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात भांडायला उभं. त्यामुळे चूक दिसली की माझ्या जिभेला खाज सुटते. लग्न झाल्यापासून माझ्यासमोर तिची एकही गोष्ट पूर्ण झाली नाही, असं ती म्हणते. हेही जरा वाढवूनच.

ती निवृत्त झाली आणि तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीने घरी येऊन भलतंच काढलं. ही मुलगी वऱ्हाडीत पॉडकास्ट करते, म्हणजे गप्पा रेकॉर्ड करून मोबाइलवर टाकते, आणि लोक त्या कापूस वेचतानाही ऐकतात. आता तिने जुनं नाट्यगृह भाड्याने घेतलं होतं. आधी कॉमेडी, मग लोकांसमोरच पॉडकास्ट, आणि सगळ्याचं रेकॉर्डिंग.

"मॅडम, वर्गात सांगत होत्या ना, तसंच सांगा," ती म्हणाली. "पयला नंबर तुमचाच."

हे नाट्यगृह माझ्या आजोबांच्या वेळचं. लाकडी गॅलरी, लोखंडी खांब, छतापासून लांब दांड्यांवर लोंबणारे पंखे. तिथे संगीत नाटकं व्हायची. गाणं आवडलं की गॅलरीतून 'वन्स मोअर' यायचा आणि मेलेला नटही उठून पुन्हा गायचा. मधली कित्येक वर्षं तिथे नुसते सत्कार आणि कापडाचे सेल चालले. सेलमध्ये घेतलेला माझा टॉवेल अजून टिकून आहे, सत्कार मात्र एकही आठवत नाही.

बायको उत्साहाने हो म्हणाली आणि मग तिची झोप उडाली.

"फजिती झाली तं मी पुन्हा कोणाले गोठ सांगणार नाई," ती एका सकाळी पोळ्या लाटताना म्हणाली. "घरातही नाई."

ही धमकी मी हसण्यावारी नेली नाही. कारण ती बोलते तसं करते. एकदा माझ्यावर रागावून तिने चहातली साखर सोडली, ती आजपर्यंत परत धरली नाही. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. घरात आम्ही दोघंच. हिच्या गोष्टी थांबल्या तर कुकरच्या शिट्ट्यांशिवाय घरात बोलणार कोण? आणि खरं सांगतो, तिच्या गोष्टी मला फार आवडतात. चुका काढायला का होईना, मी त्या जिवाचा कान करून ऐकतो.

निघताना तिने मला शपथ घ्यायला लावली. "मधात बोलाचं नाई. रेकॉर्डिंग हाय थे."

"नाई बोलत," मी म्हणालो.

नाट्यगृह गच्च भरलं होतं. खाली कॉलेजची पोरं-पोरी, वर गॅलरीत नाटकाचे जुने शौकीन. त्यांना काय कार्यक्रम आहे हे कोणी नीट सांगितलंच नव्हतं. एक म्हातारबुवा वरून विचारत होते, "नांदी केव्हा हाय बावा?" मी मधल्या रांगेत तोंड बंद करून बसलो.

बायको आली, माइक हातात घेतला आणि कूलरची गोष्ट काढली. एका उन्हाळ्यात मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. दुकानातले कूलर मला पटेनात, म्हणून मी घरीच एक बनवला आणि मोटरीवर ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा पंखा बसवला.

"आमच्या यायनं कूलर नाई, उडनारं इमान बनवलं होतं," ती म्हणाली. लोक हसले. माझी छाती फुगली. "पावने बसले. नवरदेवाचे वडील बरोबर कूलरच्या समोर. यायनं बटन दाबलं. आन् ताटातला चिवडा..."

आणि ती थांबली.

मला आधी वाटलं, मुद्दाम थांबली. पण तिने पुन्हा "चिवडा..." म्हटलं आणि पुढे शब्दच नाही. बहुधा दिव्यांच्या पलीकडची एवढी तोंडं तिला तेव्हा दिसली असावीत. शाळेत साहेब तपासणीला आले तरी जिचा आवाज कधी कापला नाही, ती तिथे चिवड्यापाशीच अडकली होती. कोणीतरी खोकलं.

तिला सावरायला मी बोललो, असं सांगायला मला आवडलं असतं. पण तो चिवडा मला सहनच होईना.

मी उभा राहिलो. "चिवडा नव्हता वं, मुरमुरे होते! चिवडा इतल्या दूर जात नाई!"

अख्खं नाट्यगृह हशाने फुटलं. बायकोने कपाळावर आडवा हात धरून मला शोधलं. तिची ती नजर मी स्वयंपाकघरातून ओळखतो.

"पाह्यलं?" ती लोकांना म्हणाली. "शपथ घेतली होती या माणसानं. अजून तं मी पावन्याच्या टोपीवर आलीच नाई."

"टोपी उडाली नाई, सरकली!"

"हो, खिडकीतून बाहेर सरकली!"

मग ती थांबते कसली! कूलरच्या पाण्याने व्याही कसे न्हाले, आणि मी बाजूला उभा राहून "हवा लागून राह्यली ना?" असं कसं विचारत होतो, सगळं सांगितलं. मी प्रत्येक चूक दुरुस्त केली आणि तिने प्रत्येक दुरुस्ती माझ्याच अंगावर परत फेकली. या घरात उन्हाळा सोसावा लागणार नाही, असं म्हणत व्याह्यांनी ओल्या सदऱ्यानेच सोयरीक पक्की केली, तिथे गोष्ट संपली. ती पूर्ण झाली, माझ्यासमोर.

टाळ्या थांबत नव्हत्या. तेवढ्यात वरून त्या म्हातारबुवांचा आवाज आला, "वन्स मोअर!"

खालची पोरं हसली. गॅलरी मात्र गंभीर होती.

"गोठीले कुठी वन्स मोअर रायते का?" बायकोने विचारलं.

"रायते!" गॅलरी एका सुरात म्हणाली.

तिने पदर खोचला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कूलर, पाहुणे, बटन. आता आवाज अगदी स्थिर, एक शब्द अडखळला नाही.

"आन् ताटातला चिवडा..."

तिने माइक खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि थांबली.

मी उठून उभा राहिलो.