कॉलेजच्या पायरीवरची वर्दी

मी शिकलो मराठी दुसरीपर्यंत. तरी बेळगावच्या एका कॉलेजात कैक वर्षं जो नियम चालला तो माझा होता. हे मी बढाईसाठी लिहीत नाही. म्हणजे बढाई आहेच, पण खरी आहे.

आमचं घर बेळगावजवळच्या येळ्ळूरचं. बाप शेतसनदी होता. सरकारनं दिलेली जमीन कसायची आणि त्याबदली पाटलाच्या हाताखाली गावची राखण करायची, हे त्याचं काम. गावात काही वाईटवंगाळ घडलं की बाप सकाळी चावडीच्या पायरीवर उभा राहून वर्दी द्यायचा, म्हणजे घडल्या गोष्टीची खबर. पाटील दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. त्याच्या कानात सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण बाप सांगायचा ते पार वेशीपर्यंत ऐकू जायचं. मी एकदा विचारलं, एवढं वरडायचं कशाला? तर म्हणाला, "आरं, पाटलाला काय ठावं असतंय? ठावं असतंय ते ऐकणाऱ्यातल्या कुणालातरी."

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी मला कॉलेजात पहारेकरी म्हणून घेतलं. खांद्यावर लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, हातात काठी. फाटक, आवार आणि सायकलींची शेड माझ्याकडं. प्रिन्सिपॉलसाहेब पुण्याकडचे, आवाज एकदम हळू. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "आवारात काही गैर घडलं तर कळवत जा." कसं कळवायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

पहिल्याच आठवड्यात वाचनालयाच्या दारातनं एका पोराची छत्री गेली. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी मी कॉलेजच्या दगडी पायरीवर उभा राहिलो, काठी टेकवली आणि बापाचा आवाज काढला. "ऐका! काल दुपारी एक छत्री गेली. काळी, दांड्याला पितळी कडी. ज्याला ठावं असंल त्यानं सांगावं!"

पोरं हसून हसून वाकली.

"आप्पा, हलगी इसरलासा काय?"

"आप्पा, छत्री माहेरी गेली असंल, येईल की चार दिसांनी!"

साहेब खिडकीत उभे होते. तेही हसले. पण दुपारच्या आत छत्री परत आली, कुणीतरी आपली समजून नेलेली. हेडक्लार्क मात्र फाटकापर्यंत चालत आले. "हे कॉलेज आहे, तुमची चावडी नव्हे."

मी म्हटलं, "छत्री कॉलेजातलीच व्हती, रावसाहेब."

तिथनं पुढं माझी वर्दी चालू राहिली. जेवणाचा डबा गेला, वही गेली, कुणी भिंतीवर घाण लिहिलं, सगळं पायरीवरनं. पोरं हसायची, पण ऐकायची.

त्या वेळी कॉलेजात मुली चार. तिघी टांग्यानं यायच्या. चौथी बेळगावलगतच्या शहापूरची, विणकराघरची. घरात चार माग होते आणि बाप स्वतः मागावर बसायचा. ती सायकलवरनं यायची. बेळगावात तेव्हा सायकलवरची मुलगी बघायला माणसं दुकानातनं बाहेर येऊन उभी राहत. ती पदर खोचून, मान ताठ ठेवून सरळ निघून यायची. सायकल शेडमध्ये लावली की म्हणायची, "आप्पा, लक्ष ठेवा हं." मला ती पोर फार आवडायची. माझ्यासारखीच हट्टी.

एकदा तिच्या चाकातली हवा गेली. आठवड्यानं परत गेली. तिनं पंप मागून आणला आणि स्वतःच हवा भरली. मी म्हटलं, "आक्का, उद्या वर्दी देतो." तर ती म्हणाली, "नको आप्पा. घरी कळलं तर बाबा कॉलेज बंद करतील." मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

तिसऱ्या खेपेला दोन्ही चाकांच्या ब्रेकांचे रबर गेले. तिला कळलं ते लष्करी कॅम्पाच्या उतारावर. ब्रेक दाबला तर धरेना, आणि सायकल जाऊन बैलगाडीच्या मागल्या फळीवर आदळली. दुसऱ्या दिवशी कोपराला फडकं बांधून, वाकडी झालेली सायकल ढकलत ती फाटकाशी आली. मी बसून ब्रेक बघितले. रबर पडले नव्हते, पान्यानं मोकळे करून काढले होते. नटांवर ताजे चरे होते.

"घरी मी सांगितलंय, कुत्रं आडवं आलं," ती म्हणाली. "आप्पा, तुमच्या पाया पडते, बोलू नका."

हेडक्लार्कांनीही हेच सांगितलं, पण दुसऱ्या कारणासाठी. "कॉलेजचं नाव खराब होईल. गप्प बसा."

मी रात्रभर विचार केला. आज रबर काढले, उद्या काय काढतील? पोरगी मेली तर मी कुणाला तोंड दाखवू? सकाळी पायरीवर उभा राहिलो. तिचं नाव घ्यायचं नाही एवढी अक्कल मला होती, म्हणून नाव घेतलं नाही. मी म्हटलं, "ऐका! परवा शेडमधल्या एका बाईमाणसाच्या सायकलीचे ब्रेक कुणीतरी काढले. माणूस पडलं. ज्याला ठावं असंल त्यानं सांगावं!"

अख्ख्या कॉलेजात बाईमाणसाची सायकल एकच.

ह्या खेपेला कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडं वळल्या. ती दगडासारखी उभी होती. मग वह्या छातीशी धरून फाटकाबाहेर निघून गेली, चालत. वाकडी सायकल शेडमध्येच राहिली.

आमच्या चावडीवर बाप सांगायचा, अमक्याच्या गोठ्यातनं म्हैस गेली. म्हशीचं नाव घेतलं म्हणून म्हशीला कोणी काही म्हणत नाही. मी तीच रीत कॉलेजात आणली होती, आणि तिथंच फसलो.

दुपारी हेडक्लार्कांनी फळ्यावर सूचना लावली. मी अक्षर अक्षर लावून वाचली. आवारात कोणताही गैरप्रकार घडलेला नाही, पहारेकऱ्याचा गैरसमज झाला आहे. खाली साहेबांची सही. संध्याकाळी शहापूरच्या बाजारात मीठ घ्यायला गेलो तर दुकानात दोघं बोलत होते, कॉलेजात एका पोरीला कायतरी केलंय म्हणे, आणि कॉलेजवाले झाकालेत.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथा दिवस रविवार होता. मी धुतलेलं धोतर नेसलो आणि शहापूरला तिच्या घरी गेलो. कोणी बोलावलं नव्हतं.

तिचा बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मला बघूनही त्यानं आडवं सूत फेकणारा धोटा थांबवला नाही. खट्, खट्, खट्. पोरगी पलीकडं भिंतीला टेकून सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"तुम्हीच काय ते पायरीवर बोंबलणारं?"

"व्हय अण्णा. मीच."

"मग आता इथं कुणाला ऐकवाय आलासा? आमची गल्ली बहिरी न्हाय."

"पोरीला परत धाडा म्हणून सांगाय आलोय."

तेव्हा धोटा थांबला. "लोक काय काय बोलालेत ऐकलासा?"

"ऐकलं."

"नुसता ब्रेक काढला म्हणून ऐकलं असतं तर मी नवा ब्रेक बसवून दुसऱ्या दिशी धाडली असती. माग मोडला तर आम्ही घर सोडून जातोय व्हय? पण तुमचं कॉलेज लिहून लावतंय, काय झालंच न्हाय. मग लोक म्हणतात, काय झालं न्हाय तर पोरगी रडत घरी का आली? कायतरी झालंय. त्या 'कायतरी'ला मी कुठं कुठं हात लावू, सांगा की!"

तेवढ्यात पोरगी बोलली, कांडीवरची नजर न काढता. "मी पाया पडले होते. बोलू नका म्हटलं होतं."

"व्हय आक्का," मी म्हटलं. "माझं चुकलं. सांगायचं ते बरोबरच व्हतं, पण बाईमाणूस म्हणायला नको व्हतं."

"अजून बरोबरच म्हणताय?"

"व्हय."

तिचा बाप माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता हाकलतोय. पण तो हसला, अगदी थोडं. "लई आडमुठं माणूस दिसतंय." मग म्हणाला, "कॉलेजानं खरं काय ते सांगू दे. समद्यांसमोर. मग बघू."

सोमवारी सकाळी साहेबांच्या खोलीत गेलो. खांद्यावरचा पट्टा काढून बिल्ल्यासकट टेबलावर ठेवला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"साहेब, ती सूचना काढा, न्हायतर हे ठेवून घ्या."

"तुम्हाला कळत नाही. संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे. शिवाय तुम्हीच त्या मुलीकडे बोट दाखवलंत."

"दावलं. ती चूक माझी. ती मी आत्ता पायरीवर समद्यांसमोर सांगणार हाय. तुमची तुम्ही सांगा."

हेडक्लार्क दाराशी होते. त्यांचा श्वास मला ऐकू आला. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीतनं शेडकडं बघितलं. मग विचारलं, "ब्रेक खरंच काढले होते?"

"नटावर पान्याचे चरे हायत. या, दावतो."

ते आले. शेडमध्ये त्या वाकड्या सायकलीजवळ उकिडवे बसले, धोतर धुळीला लागलं तरी उठले नाहीत. नटावरनं बोट फिरवलं. मग उठले ते थेट पायरीवर गेले.

मी आधी बोललो. म्हटलं, वर्दी देताना ज्याला लागलं त्याची खूण सांगितली, ती चूक पहारेकऱ्याची. मग साहेब बोलले. हळूच बोलले, म्हणून सगळे गप्प झाले. "एका सायकलीचे ब्रेक मुद्दाम काढले गेले. यात जीव गेला असता. कॉलेजनं लावलेली सूचना खोटी होती आणि तिच्यावर माझी सही होती." एवढं म्हणून त्यांनी फळ्यावरचा कागद स्वतःच्या हातानं फाडला. त्या दिवसापासनं मी त्या माणसाला मनातनं मानलं, आणि मी फार थोड्यांना मानतो.

दोन दिवसांनी खानापूरकडचा एक मुखदुर्बळ पोरगा शेडमध्ये आला. इकडं तिकडं बघत म्हणाला, "आप्पा, माझं नाव घेणार न्हाय न्हवं?" त्यानं पाना हातात घेतलेला पोरगा बघितला होता. कॉलेजच्या कमिटीतल्या एका बड्या माणसाचा मुलगा. पाना बापाच्या मोटारीतला. ही पोरगी पण बाकीच्या तिघींसारखी टांग्यानं यायला लागते की नाही, म्हणून मित्रांशी पैज लावली होती त्यानं. त्याचा बाप मोटार घेऊन आला, फाटकात मला दोन शिव्या देऊन आत गेला, आणि अर्ध्या तासात तसाच परत गेला. साहेबांना मागं फिरता येत नव्हतं, सगळ्यांसमोर बोलून बसले होते. पोराला सहा महिने कॉलेज बंद झालं.

त्यानंतर साहेबांनी मला समोर बसवून नियम लिहिला. मी सांगितलं, त्यांनी चांगल्या भाषेत घातलं. घडलेलं दुसऱ्या दिवशी पायरीवरनं सांगायचंच, काय, कुठं, केव्हा. ज्याला त्रास झाला त्याचं नाव किंवा खूण, त्यानं स्वतः होऊन म्हटल्याशिवाय सांगायची नाही. ज्यानं खबर दिली त्याचं तर कधीच नाही. चौकटीत घालून भिंतीवर लावला. खाली सही साहेबांची. माझं नाव कुठं नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. ज्याला माहीत असायला पाहिजे त्याला माहीत आहे.

पोरगी परत आली. नवे ब्रेक बसवलेल्या त्याच सायकलवरनं. तिचा बाप त्या दिवशी स्वतःच्या सायकलवर मागनं फाटकापर्यंत आला, मला बघून मान हलवली आणि वळला. ती मात्र माझ्याशी बोलत नव्हती. महिनाभर सायकल लावायची आणि निघून जायची. लक्ष ठेवा पण म्हणायची नाही. मी आपलं लक्ष ठेवत होतो.

मग एका सकाळी ती घंटेच्या आधी माझ्याजवळ आली. तिच्या पुस्तकातली चार पानं कुणीतरी पात्यानं कापून नेली होती. मी काठी उचलली. "सांगतो. कुणाचं ते न्हाय सांगत."

"तुम्ही नको," ती म्हणाली. "मीच सांगते."

ती पायरीवर चढली. माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "ऐका. काल वाचनालयात माझ्या पुस्तकाची पानं कापली. माझ्या म्हणतेय, नीट ऐका." मागनं कोणीतरी फिसकन हसलं. तिनं तिकडं बघितलं. "हसणाऱ्यापासनंच विचारायला सुरुवात करू का?"

आवाज माझ्यापेक्षा बारीक होता, पण फाटकापर्यंत पोचला. मी काठी टेकवून तिच्या शेजारी गप्प उभा राहिलो.