बिनपाटीची जागा

कॉलेजात मला सगळे टरकून असतात. उगाच कशाला नाकारू? वनस्पतिशास्त्र विभागाची प्रमुख मी, हरित परिसर समितीची अध्यक्ष मीच, आणि तोंड असं की द्वारकेच्या चौकातल्या रिक्षावाल्यानेही मुकाट्यानं वाट द्यावी. कँटीनमधले प्लॅस्टिकचे कप बंद केले तेव्हा कँटीनवाल्यानं कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मुलं माझ्यामागं मला 'कचरा मॅडम' म्हणतात, तेही ठाऊक आहे. म्हणोत बापडी.

आमच्या विभागातल्या सरांना मात्र तोंडच नव्हतं. आम्ही एकाच वेळी नोकरीला लागलो. ते सायखेड्याचे. कागदावर माझ्या हाताखाली, पण वनस्पती ओळखण्यात, जगवण्यात मी त्यांचा हात धरू शकले नाही कधी. मीटिंगमध्ये मी टेबल बडवायचे आणि हे शेजारी बसून चहात बिस्कीट बुडवायचे. बाहेर आलो की म्हणायचे, "मॅडम, तुम्ही लय भांडता. पण भांडा. मला नाय जमत." असा राग यायचा! आणि पुढच्या मीटिंगला मी पुन्हा त्यांच्याच वाटचं भांडायचे.

भांडण असायचं ग्रंथालयामागच्या जमिनीच्या एका तुकड्यावरून. संस्थेला तिथं पार्किंग हवं होतं. मी 'राखीव हरित क्षेत्र' म्हणून तो तुकडा अडवून धरला होता. "हिरवं काय आहे हो तिथं?" असं एक संचालक दर वेळी विचारायचे, आणि खरंच, वर्षातले बरेच महिने तिथं काहीही दिसायचं नाही. जे होतं ते मातीच्या खाली होतं.

त्र्यंबककडच्या डोंगरावर पावसाळ्यात एक नाजूक वेल येते. पुस्तकात तिला कंदीलपुष्प म्हणतात, डोंगरातली माणसं खरपुडी म्हणतात. बोटाच्या पेराएवढं फूल, हुबेहूब कंदिलासारखं. आता ती तिकडं फार थोडी उरली आहे. पाऊस सरला की वेल वाळून जाते आणि मातीत तिचा कंद झोपून राहतो, थेट पुढच्या पावसापर्यंत. सरांनी डोंगरावरून मोजकंच बी आणून वर्षानुवर्षं त्या तुकड्यात कंद वाढवले. एक दिवस ते सगळे कंद पुन्हा डोंगरावर नेऊन लावायचे, एवढंच त्यांच्या मनात होतं. विभागातली संशोधन करणारी मुलं द्राक्षावरच्या रोगांत गुंतलेली. खरपुडीचं गुपित आम्हा दोघांचंच.

गुपित का, तर पाटीमुळे. मी पाटीवाली बाई. कॉलेजातल्या कडुलिंबालाही मी पाटी लावली आहे. पण सुरुवातीला सरांनी खरपुडी कुंड्यांत लावली होती, नावं लिहून, विभागाच्या दाराशी. दिवाळीच्या सुट्टीनंतर येऊन बघतो तर कुंड्या गायब. दुर्मिळ झाडांचे शौकीन काय कमी आहेत? तेव्हापासून सरांनी पाटीचं नाव काढू दिलं नाही. "पाटी वाचूनच नेल्या ना त्यांनी? आता मोकळी जागा दिसू द्या. मोकळ्या जागेकडं कोण बघतंय?" मलाही ते पटलं. पावसाळ्यात वेल वर आली तरी गवतात गवत. मुलांना एवढंच माहीत, की दुपारच्या सुट्टीत सर तिथं दगडावर बसलेले असतात.

तिथं बसले की वहिनींचा फोन यायचा. रोज एकच प्रश्न, "जेवलात का?" मूलबाळ नव्हतं, त्यामुळं वहिनींची सगळी काळजी या एकाच माणसावर. सर म्हणायचे, "हो, हो." आणि फोन ठेवून डबा उघडायचे. कधी उघडायचेही नाहीत. मी ओरडले की हसायचे नुसते.

या वर्षी कंद डोंगरावर लावायला वनखात्याची परवानगी एकदाची हातात आली आणि त्याच सुमारास सरांचं दुखणं निघालं. दुखणं कसलं, हातातोंडाशी आलेलं सगळं हिसकावून नेणारं. बघता बघता माणूस खाटेला खिळला. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा सर म्हणाले, "पाऊस लागला की त्यांना घरी सोडून या, मॅडम."

"काही नाही. बरे व्हा, बरोबर जाऊ," मी दटावलं.

"येतोच की. पण नाय जमलं तर तुम्ही जा."

मी हो म्हटलं. मे संपता संपता सर गेले.

दशक्रियेला मी सायखेड्याला गेले. गोदावरीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेला, पण खाली यायला तयार नाही. भाऊबंद एकेक करून पुढं होऊन सांगू लागले, वहिनींची काळजी घेऊ, शेताचं बघू. कावळा ढिम्म. ऊन चढत होतं. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुम्हीच सांगा हो काहीतरी. तुमचं ऐकतील ते."

मी विज्ञान शिकवते. असल्या गोष्टींवर मुलांसमोर तासन् तास बोलले आहे. पण त्या बाईचा चेहरा बघून उठले, हात जोडले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "सर, तुमची खरपुडी मी डोंगरावर पोचवते. एकही कंद मागं ठेवत नाही."

कावळा आला. शिवला. वहिनी मोठ्यानं रडल्या, आणि मीही रडले. योगायोग असेल, मला कळतं ते. पण परत येताना गाडीत किती हलकं वाटत होतं, काय सांगू.

दुपारी कॉलेजच्या फाटकातच माझ्या समितीची पोरं उभी. हातपाय मातीनं माखलेले, डोळे सुजलेले. "मॅडम, चला ना, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय." एकीनं माझा हात धरून नेलं ते थेट ग्रंथालयामागं.

अख्खा तुकडा खणलेला. ओळीनं रोपं लावलेली. वड, करंज, बहावा, सगळी देशी झाडं, कारण देशीच लावा म्हणून मी त्यांच्या कानीकपाळी ओरडत असते. खड्डे गुडघाभर खोल, मी शिकवले तसे. तळाला कंपोस्ट. रोपांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नीट घडी करून बाजूला. आणि सरांच्या दगडाशेजारी रंगवलेली फळी, 'सरांची सावली'. त्या जागेला लागलेली पहिली पाटी.

"सर इथंच बसायचे ना, म्हणून," ती म्हणाली. "आज दहावा म्हणून आजच केलं, मॅडम. पहाटेपासून खणतोय."

"मातीत काही निघालं का?" मी विचारलं.

"हो ना, खूप. बटाट्यासारखे गोळे. रोपांच्या मुळांना बुरशी लागायची म्हणून एकूण एक वेचून काढले. तुम्ही म्हणता ना, काही वाया घालवायचं नाही. यंत्रात बारीक करून खतात टाकले."

पालापाचोळा बारीक करायचं ते यंत्र मीच आणलं होतं. संचालकांशी भांडून भांडून आणलं होतं.

सगळी पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं. पण त्यांनी माझं एकही सांगणं मोडलं नव्हतं. माया म्हणून केलं होतं, हात सोलवटून घेऊन केलं होतं. मी म्हणाले, "छान केलंत रे." मग खतखान्याकडं गेले, दार लावून घेतलं आणि तो पांढरा चोथा दोन्ही हातांनी चिवडत बसले. एक तरी अख्खा कंद सापडेल म्हणून. एकही सापडला नाही. पोरं कामाला चोख, कारण तयार मी केलेली.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. समितीच्या बैठका घेते, सह्या करते, कुणी बाटली कुठं टाकली तर खेकसते. पण आतून पार मोडले आहे. चिडू कुणावर? पोरांवर? सरांवर? त्यांच्यावरही चिडून झालं. एक पाटी लावू दिली असती तर काय बिघडलं असतं हो तुमचं?

आषाढात वहिनींचा फोन आला. "ताई, सोडलं का त्यांना घरी?"

"हो वहिनी, सोडलं," मी म्हणाले. कावळ्याला दिलेला शब्द होता, त्या घाटावर वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. दुसरं काय तोंडातून निघणार?

"मग फुलं आली की मला न्या. माझ्याकडं त्यांचं आता तेवढंच आहे."

श्रावणात घेऊन गेले. गाडी जाते तिथपर्यंत गाडीनं, पुढं हात धरून हळूहळू. वहिनींचे गुडघे दुखतात, तरी थांबायचं नाव नाही. डोंगरावर जुनी, मूळची खरपुडी कुठं आहे ते सरांनी मला कधीतरी दाखवलं होतं. नशिबानं एक वेल फुललेली होती. धुकं होतं, वारा होता, आणि गवतात ते एवढंसं फूल.

"हीच का?"

"हीच."

"ह्यांनी लावलेली?"

मी मान डोलावली.

वहिनी ओल्या गवतात खाली बसल्या. फुलाला हात लावला नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मग रोजच्यासारखं, अगदी फोनवर विचारायच्या तसंच विचारलं, "जेवलात का?"

वारा वाहत होता. वहिनी मान वर करून उत्तराची वाट बघत होत्या, आणि तिथं माझ्याशिवाय दुसरं कुणीच नव्हतं.

"हो, हो," मी म्हणाले.