ह्यांना उचलायचं म्हणून

हे पहिल्यांदा पडले ते बाथरूममध्ये, सकाळी अकराच्या सुमारास. मेंदूत गुठळी होऊन ह्यांची डावी बाजू लुळी पडली, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. हात नुसता लोंबत असायचा, पाय थोडाफार टेकवता यायचा. आंघोळ घालून झाल्यावर ह्यांना प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवून मी टॉवेल घ्यायला वळले, आणि मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. लागलं कुठेच नव्हतं, पण उठता येईना.

मी पाच फूटही नाही. हे पाच फूट अकरा इंच, आणि आजारपणातही ऐंशी किलोच्या घरात. काखेत हात घालून ओढायला गेले तर साबणाच्या पाण्यावरून माझाच पाय सटकला. पुन्हा जोर लावला तेव्हा डावा खांदा ओढला गेला आणि हे कळवळले. मी म्हटलं, समोरच्या फ्लॅटमधल्या दादांना बोलावते. ह्यांनी उजव्या हाताने माझ्या गाऊनचं टोक घट्ट धरलं.

"असा? असा दाखवणारेस मला?"

अंगावर कपडा नव्हता. मी टॉवेल पांघरला तरी गाऊन सोडेनात. शेवटी मीही शेजारी ओल्या फरशीवर बसले. तासाभराने ह्यांना हुडहुडी भरली, तेव्हा मात्र त्यांचं न ऐकता मी दार उघडलं. समोरचे दादा आणि बिल्डिंगचा वॉचमन आले आणि दोन मिनिटांत त्यांनी ह्यांना उचलून पलंगावर ठेवलं. जाताना दादा अगदी चांगल्या मनाने म्हणाले की, वहिनी, केव्हाही हाक मारा. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या दिवशी जेवले नाहीत.

त्याच दिवशी मी ठरवलं, की ह्यापुढे ह्यांना उचलायचं ते मीच.

ठरवलं खरं, पण कसं ते कुठे माहीत होतं? घरात दहा किलो तांदळाची पिशवी होती. ती मी सकाळी वीस वेळा आणि संध्याकाळी वीस वेळा जमिनीवरून उचलायला लागले. सहाव्या दिवशी कंबर अशी धरली की मला गॅससमोर उभं राहता येईना. कामावर तीन दिवस खाडे झाले. मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला होते. शिवून आलेल्या पॅंटा टेबलावर पसरायच्या, धागे कापायचे, शिवणीतली खोट शोधायची. ह्यांच्या आजारपणानंतर मालकाने अर्धा दिवस करून दिला होता. तेवढा वेळ खालच्या मजल्यावरच्या मावशी आमच्याकडे बसायच्या.

कंबर धरून मी पडले तेव्हा ह्यांनी विचारलं, त्या पिशवीचं काय चाललं होतं तुझं? मी सांगून टाकलं. ऐकून हे हसले. आजारानंतर तोंड एका बाजूला ओढल्यासारखं व्हायचं म्हणून हे हसायचं टाळायचे, पण त्या दिवशी हसले.

"मशीन रोज फुल लोडवर चालवतं का कुणी?" म्हणाले. "मेंटेनन्सला बंद नको ठेवायला?"

हे अंबरनाथला एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत प्लॅनिंगला होते. कुठलं मशीन कधी चालवायचं, कधी बंद ठेवायचं, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, ह्याचे तक्ते करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली.

कंबर सुटल्यावर मी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर गेले. तिथे मालकाच्या वहिनीची बायकांसाठी छोटी जिम होती, दुपारी एक ते चार. मी सात वर्षं खालीच काम करत होते, पण तो जिना कधी चढले नव्हते. बाई सिंधी, चाळिशीच्या, मराठी-हिंदी सगळं एकत्र बोलायच्या. मी आधीच सांगितलं की मला बारीक नाही व्हायचं, मला माझ्या नवऱ्याला उचलायचंय. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला एका बाकावर बसवून दहा वेळा उठबस करायला लावली, भिंतीला हात टेकून ढकलायला लावलं, हातात चार-चार किलोचे डंबेल देऊन खोलीभर चालवलं. मग म्हणाल्या, "भाभी, कमरेने नाही उचलायचं. पाय से. आणि पहिला महिना वजनाचं नाव नाही काढायचं."

काय काय करायचं ते त्यांनी सांगितलं आणि मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी लगेच चौकटीचा कागद मागितला. डाव्या हाताने कागद दाबून धरता येत नव्हता, म्हणून मी तो पोळपाटावर चिकटपट्टीने चिकटवून दिला. त्यावर उजव्या हाताने हे रेघा मारत बसले. सोमवार, बुधवार, शुक्रवार जिम. मधले दिवस सुट्टी. उभ्या खान्यांत पाच कामं: बसून उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, दोन्ही हातांत ओझं घेऊन चालणं. प्रत्येकाचे आधी दोन सेट, नंतर तीन. आठ वेळा सहज जमलं तर दहा, दहा जमले तर पुढच्या आठवड्यात थोडं वजन. आणि दर वेळी अंगात अजून दोनदा करता येईल एवढा जोर शिल्लक असतानाच थांबायचं. हे शेवटचं बाईंचं होतं. ह्यांना ते इतकं पटलं की त्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

मला घाई होती. मी म्हटलं, मला उचलायचंय, तर ढकलणं-ओढणं कशाला हवंय? तेवढं एकच करते ना रोज.

हे म्हणाले, "एकाच बाजूला ताण दिला की शाफ्ट वाकतो. दोन्हीकडून सारखं पाहिजे." बोलता बोलता त्यांची नजर मांडीवरच्या डाव्या हातावर गेली. मीही पुढे वाद घातला नाही.

पुढचे पाच महिने, आता मागे वळून बघताना वाटतं, आजारपणातले तेवढेच बरे गेले. मी चारच्या गाडीने बदलापूरला यायचे. दार उघडलं की हे पलंगावर तक्ता घेऊन तयार असायचे. किती झाले, कुठे अडलं, गुडघा दुखला का, श्वास कधी सोडलास, सगळं विचारायचे आणि खान्यात भरायचे. रविवारी पुढच्या आठवड्याचा नवा तक्ता. एकदा मी ओढण्याचे दोन सेट टाळून खोटं सांगितलं, तर चेहऱ्यावरून ओळखलं. माझी दाल-खिचडीवर भागवायची सवय मोडून, दोन अंडी खायला लावली. कुणीतरी काम दिल्यासारखे हे दिसायचे. आणि मी, पन्नाशी ओलांडलेली बाई, पॅंटांचा गठ्ठा एका दमात टेबलावर ठेवायला लागले होते.

ह्यांचे व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला उचलायची पद्धतही दाखवली होती. कमरेला रुंद पट्टा बांधायचा, समोर खुर्ची ठेवायची, चांगल्या पायावर जोर द्यायला लावायचं, डाव्या खांद्याला हात लावायचा नाही.

हे दुसऱ्यांदा पडले ते दुपारी, हॉलमध्ये, पलंगावरून खिडकीतल्या खुर्चीकडे जाताना. मी घरातच होते. मी घाबरले नाही. पट्टा बांधला, खुर्ची ओढली, ह्यांना उजव्या कुशीवर वळवलं, गुडघ्यावर आणलं, आणि जिममध्ये मोजतो तसं मोठ्याने मोजलं. एक, दोन, आणि तीनला पायांनी जोर लावून उठले. हे माझ्याबरोबर वर आले. एकाच झटक्यात खुर्चीत बसले.

आणि मी हसले. टाळी वाजवल्यासारखे हात आपटले आणि म्हटलं, "बघा! एकटीने!"

हे माझ्याकडे बघत नव्हते. शर्टाचं बटण तुटलं होतं, ते चाचपत होते. म्हणाले, "मी वजन नाहीये गं."

मी बटण शोधायला खाली वाकले.

त्या रविवारी हे म्हणाले, हात दुखतोय, तक्ता तूच कर. पुढच्या रविवारीही तेच. मग मीच वेड्यावाकड्या रेघा मारायला लागले आणि हे टीव्ही बघायला लागले. एकदा जेवायला वाढताना मी विचारलं की त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं का. म्हणाले, "नाही. वरण अळणी झालंय." मला वाटलं, जाईल हळूहळू मनातून. माणूस घरात असला की सगळ्याला वेळ आहे असं वाटतं. मी तेव्हाच पलंगाशी बसून सांगायला हवं होतं, की मी तुम्हाला उचललं म्हणून नाही, तुम्हाला दुसऱ्या कुणाला हाक मारावी लागली नाही म्हणून हसले. हे एवढं वाक्य मी नंतर कितीदा मनात जुळवलं. तेव्हा नाही सुचलं.

जानेवारीत ह्यांच्या छातीत कफ झाला. अंबरनाथच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. बंगळूरहून आमची मुलगी आली. तिथे कूस बदलायला दोन वॉर्डबॉय यायचे आणि मला बाजूला व्हायला सांगायचे. मी पिशवी धरून भिंतीला टेकून उभी राहायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी तोंडावरचा मास्क बोटाने सरकवला.

"आज बुधवार ना? गेली नाहीस?"

मी मान हलवली.

"एक खाडा चालतो," म्हणाले. "दोन नको."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच हे त्याबद्दल बोलले होते. मी मास्क नीट बसवला. त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे हे गेले.

घरी आणलं. हॉलमध्ये पलंग बाजूला सारून जमिनीवर ठेवलं होतं. ह्यांचे चुलतभाऊ, समोरचे दादा, कंपनीतले दोन-तीन जुने सोबती जमले. तिरडी खाली बांधून तयार झाल्याचा निरोप आला तसे चौघे पुढे झाले. एकाने पाय धरले, एकाने डोक्याकडे जाऊन दोन्ही काखांत हात घातले.

मी म्हटलं, "डावा खांदा ओढू नका. दुखतो त्यांचा."

सगळे थांबले. ज्यांनी काखेत हात घातले होते त्या चुलतदिरांनी माझ्याकडे बघितलं, हात काढले, आणि मग पाठीखालून घालून अगदी हळू उचललं. मुलीने मला मागून धरलं होतं. माझ्यात जोर होता. मला उचलता आलं असतं. पण ते कुणाला सुचलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.

तेरावं झाल्यावर मुलगी म्हणाली, चल माझ्याकडे. मी म्हटलं, सध्या नको. पुढच्या सोमवारी कामावर गेले, आणि एक वाजता वर गेले. जिमच्या बाईंना कळलं होतं. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या की महिनाभराचा गॅप आहे भाभी, थोडं कमी से सुरू करू. नेहमीच्या निम्मं वजन लावलं. मी वाकले, पाठ सरळ ठेवली, उचललं. सहज उचललं गेलं. खाली ठेवलं आणि तिथेच बाकावर बसून रडले. खाली शिलाईच्या मशीनी चालू होत्या, त्यामुळे मी मोठ्याने रडले तरी चाललं.

बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. माझं रडणं ओसरल्यावर म्हणाल्या, "आज फक्त पाय करा. बाकी परवा."

मी उठले, पायांचे तीन सेट केले, आणि चारच्या गाडीने घरी आले.