फक्त तुला सांगितलेलं

शेजारी चकलीची भाजणी भाजतायत. या खमंग वासाने मला आजही घरात बसवत नाही.

तेव्हा गोडदेवच्या आमच्या वन रूम किचनमध्ये वीणा, माझी बायको, चकल्या तळत होती. माझी कथा छापलेला दिवाळी अंक ओट्यावर पडला होता.

"दादाचा फोन आलेला," ती म्हणाली. "अंथरुणाला खिळलेले बाबा गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी फक्त तुला सांगितलं होतं."

"कथेत नाव बदललंय ना."

"सख्ख्या भावाला नाव लागतं होय ओळखायला? म्हणाला, बरं झालं, कळलं तरी."

तिने कढईतली चकली उलटली. सॉरी म्हणायचं सोडून मी विचारलं, "पण शेवट कसा वाटला?"

तिने एक चकली पुढे केली. "मीठ बघ."

मला वाटलं, राग गेला. त्याला पंधरा वर्षं झाली. भाजी, गॅस, पाण्याची वेळ, सगळं ती मला सांगते. मनातलं मात्र बहिणीला सांगते, फोनवर, बाल्कनीचं दार लोटून. आणि खरं सांगतो, तेव्हाही माझे कान त्या दाराशीच असतात.